वीरगळ आणि आल्तार

जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चची इमारत १६६१ सालची आहे. दार मात्र त्याहून बरंच जुनं. फ्रान्सिस्कन पंथाचे आठ पाद्री १५१७ साली गोव्यात आले, त्यांनी आधी एक छोटं प्रार्थनामंदिर बांधलं आणि १५२१ साली चर्च. पुढे ते पाडून आजचं चर्च उभारलं, पण जुनं प्रवेशद्वार मोडलं नाही. नव्या पांढऱ्या भिंतीत ते तसंच बसवून टाकलं. चुन्याच्या पांढरेपणात हा काळपट दगड लांबूनच डोळ्यांत भरतो. कमान सरळ अर्धगोल नाही, ती मधेच वळसे घेते. वर राजमुकुट, आणि दोन बाजूंना कडी एकमेकांत गुंतवून केलेले खगोलाचे गोल. ते पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याचं चिन्ह. त्याची कारकीर्द १४९५ ते १५२१. वास्को द गामा कालिकतला आला तो याच राजाच्या आज्ञेवरून. युरोपातलं मध्ययुग संपत आलं होतं, गॉथिक कमानींचे शेवटचे वळसे चालू होते, आणि त्या वळशांपैकी एक इथे मांडवीच्या काठी येऊन थांबला.

मी पनवेलची. मध्ययुगीन युरोपातल्या वेदीमागच्या चित्रांबद्दल गेली कित्येक वर्षं वाचत होते. गेंटमधलं व्हॅन आइक बंधूंचं १४३२ सालचं चित्र, कोल्मारच्या संग्रहालयातलं ग्रूनेवाल्डचं चित्र, ही नावं पाठ झाली होती. तिकडे जाणं घडलं नाही. मग हळूहळू लक्षात आलं की ही परंपरा आपल्या दारापर्यंत आलेली आहे. आमच्या कर्नाळ्याच्या किल्ल्यावर १५४०च्या सुमारास पोर्तुगीज सैनिक होते. वसई, चौल, रेवदंडा तर त्यांचीच ठाणी. रेवदंड्याच्या किल्ल्यात पडक्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत, पण आत वेदी उरलेली नाही. माड, गवत आणि उघडं आभाळ. वसईतही तेच. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्यानंतर तिथल्या चर्चमधलं लाकूडकाम हळूहळू नाहीसं झालं. भिंती राहिल्या, पण ज्या वस्तूसाठी त्या बांधल्या होत्या ती गेली. उत्तर कोकणात जे शोधून मिळत नाही ते दक्षिणेला, गोव्यात, अजून जागच्या जागी आहे.

पनवेलकरांना गोवा एका रात्रीवर. कोकणकन्या पनवेलला मध्यरात्रीनंतर येते. सोबत माझी भाची होती. ती कलेचं शिक्षण घेते, त्यामुळे तिची झोप कमी आणि प्रश्न जास्त. उजाडलं तेव्हा गाडी सिंधुदुर्गात होती. कुडाळ आलं. इथून पिंगुळी अगदी जवळ, ठाकर समाजाच्या चित्रकथींचं गाव. रामायण-महाभारताच्या प्रसंगांची एकेक कागदी चित्रं पुढे धरायची, वीणा आणि हुडूक वाजवत गोष्ट सांगायची, ही तिथली जुनी रीत. ती जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. भाचीला एवढंच म्हटलं, "आज आपण जे बघायला चाललोय ना, तेही चित्र दाखवून गोष्ट सांगणंच आहे. फक्त तिथली चित्रं हलत नाहीत, माणसानंच त्यांच्यासमोर यायचं."

करमळी स्टेशन जुन्या गोव्याला लागूनच म्हणावं इतकं जवळ. रिक्षावाल्याला सेंट फ्रान्सिसच्या चर्चला लागून असलेलं म्युझियम सांगितलं तर तो म्हणाला, "आदीं दर्शन घेयात, मागीर म्युझियम पळयात." त्याच्या मनात बॉम जीझस होतं, फ्रान्सिस झेवियरचं शव असलेलं. आम्ही तिथेही गेलो. दर्शनी भागातला काळा दगड वसईहून आणलेला आहे हे ठाऊक असल्यामुळे मी त्याच्यासमोर जरा जास्तच उभी राहिले. पण तिथली गर्दी, रांग, कॅमेरे यांत मन लागलं नाही. रस्ता ओलांडला, से कॅथेड्रलला वळसा घातला आणि त्या काळ्या दारातून आत शिरलो.

आत पहिल्यांदा डोळे वर जातात. छताच्या कमानींवर, भिंतींवर वेलबुट्टी रंगवलेली, फुलांची, पानांची. मग डोळे खाली येतात, कारण पायाखाली थडग्यांच्या शिळा आहेत, कुळांची मानचिन्हं कोरलेल्या. सरदार-दरकदार मंडळी इथे जमिनीतच झोपलेली आहेत आणि त्यांच्यावरून चालल्याशिवाय वेदीपर्यंत जाता येत नाही. आणि मग समोरची भिंत.

तिला भिंत म्हणायचं, पण ती लाकडाची आहे. गोव्यात वेदीला आल्तार म्हणतात. त्यामागे जमिनीपासून छतापर्यंत चढत गेलेलं हे कोरीव काम सगळं सोन्यानं मढवलेलं. खांबांवर पानांचे घोस, त्यांच्यामध्ये कोनाडे. मधोमध एक मोठा कोनाडा. त्यात जिथे पवित्र भाकर ठेवतात ती पेटी चार शुभवर्तमानकारांच्या मूर्तींनी खांद्यावर तोललेली. तिच्या वरच्या बाजूला असिसीचा फ्रान्सिस आणि क्रुसावरचा येशू. दोन्ही मूर्ती सारख्याच मोठ्या. संत लहान आणि देव मोठा असा भेद इथे ठेवलेला नाही. पायाशी संताची तीन व्रतं लॅटिनमध्ये लिहिलेली आहेत: दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन.

दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या माणसाभोवती एवढं सोनं का, हा प्रश्न भाचीनं लगेच विचारला. आमच्या मनातला विठोबाही कटेवर हात ठेवून साधाच उभा असतो, पण आषाढीला त्याच्या अंगावर दागिने चढतातच. ज्यानं सोडलं त्याला लोक देतात. हे उत्तर तिला पटलं की नाही कोण जाणे, तिनं वहीत काहीतरी काढायला सुरुवात केली होती.

या वस्तूची जात नीट समजून घ्यायची तर थोडं युरोपात जावं लागतं. मध्ययुगाच्या शेवटच्या दोन शतकांत तिकडे वेदीमागे चित्रांचा फलक उभारायची पद्धत फार वाढली. उत्तरेकडे, फ्लँडर्स आणि जर्मनीत, हे फलक कपाटासारखे उघडझाप करणारे असत. एरवी मिटलेले, त्यांच्या बाहेरच्या बाजूला फिकट रंग. सणाच्या दिवशी पंख उघडले की आत रंगांचा उत्सव. ग्रूनेवाल्डनं १५१२ ते १५१६ या काळात इझेनहाइमच्या मठासाठी रंगवलेला फलक असाच होता. त्या मठात अंगाची आग होणाऱ्या, हातपाय झडणाऱ्या रोग्यांची शुश्रूषा चाले. राय धान्याला लागणाऱ्या बुरशीनं तो रोग होतो. ग्रूनेवाल्डच्या येशूचं अंग म्हणून हिरवट आहे, जखमांनी भरलेलं आहे. रोग्याला आपलंच दुखणं देवाच्या अंगावर दिसावं, यासाठी ते चित्र होतं.

स्पेन-पोर्तुगालकडे मात्र पंख नव्हते. तिथे रांगा आणि उभ्या ओळी पाडून अख्खी भिंतच गोष्टींनी भरून काढायची रीत. सेव्हिलच्या कॅथेड्रलमधलं असं काम पीटर डँकार्टनं १४८२ साली हातात घेतलं, ते संपायला १५६४ उजाडलं. गोव्याला जहाजातून आली ती ही दुसरी पद्धत. सतराव्या शतकापर्यंत तिच्यात पिळाचे खांब, ढग, देवदूत असा बरोक शिणगार मिसळला. पण हाड मध्ययुगीनच राहिलं: खालून वर चढत जाणारे मजले, मजल्यामजल्यावर एकेक प्रसंग, मध्यभागी ज्याच्यासाठी सगळं केलं तो.

मला सर्वांत जास्त वेळ लागला तो वेदीच्या दोन बाजूंच्या भिंतींपाशी. तिथे लाकडी फळ्यांवर फ्रान्सिसच्या आयुष्यातले प्रसंग रंगवलेले आहेत. रंग काळवंडले आहेत. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि वर लावलेला रंगाचा थर त्याच्याबरोबर तडकत जातो. एका फळीच्या कडेला जिथे रंग सुटला आहे तिथे मी वाकून बघितलं. खाली पांढरट थर, त्याच्याखाली लाकडाचे उभे रेषे. सोन्याच्या कामातही हेच थर असतात. लाकडावर आधी सरस, मग खडूची किंवा जिप्समची भुकटी सरसात कालवून तिचे लेप, ते घासून गुळगुळीत केले की वर तांबड्या मातीचा हात, आणि त्या ओल्या तांबडीवर सोन्याचा वर्ख. वर्ख वाळला की गुळगुळीत दगडानं घोटून चकाकी आणायची. जिथे सोनं झिजतं तिथे आतली तांबडी माती डोकावते, म्हणून जुन्या कामाचं सोनं पिवळं न दिसता जरासं उष्ण, लालसर दिसतं.

हे सगळं केलं कुणी? आराखडे आणि नमुने पोर्तुगालहून येत, काही चित्रंही तिथून येत. पण एवढं लाकूड कोरायला, एवढा वर्ख लावायला लिस्बनहून माणसं येणं शक्य नव्हतं. काम इथल्या सुतारांनी, सोनारांनी, चिताऱ्यांनी केलं. याचा पुरावा विचित्र ठिकाणी सापडतो, तो म्हणजे मनाई हुकमांमध्ये. १५४६ साली राजा तिसरा जुआंव यानं गोव्याचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याला लिहिलं की हिंदू कारागीर येशूची, मरियेची आणि संतांची चित्रं काढून दारोदार विकतात, हे बंद करा. १५६७ साली गोव्यात चर्चची प्रांतिक परिषद भरली, तिनंही ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांकडून पूजेच्या वस्तू करून घ्यायला बंदी घातली. ज्या गोष्टीवर पुन्हा पुन्हा बंदी घालावी लागते ती सर्रास चाललेली असते. ज्यांच्या घरी गणपती-शांतादुर्गेची पूजा होत होती त्यांच्याच हातांनी मरियेच्या अंगावरचं वस्त्र रंगवलं जात होतं. मला हे अपमानाचं वाटत नाही आणि गमतीचंही वाटत नाही. ते हातांचं काम होतं, पोटाचं होतं, आणि त्यात कसब ओतलेलं होतं. गोव्यात आजही च्यारी आणि मेस्त ही कारागिरांची आडनावं भेटतात. त्या आडनावांची माणसं या वेदीसमोर उभी राहतील तेव्हा त्यांनी हे काम आपल्या घरचं म्हणून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

चर्चला लागून जो मठ होता तिथे आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचं संग्रहालय आहे, १९६४ सालापासून. वरच्या मजल्यावर गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची चित्रं ओळीनं लावलेली. त्यांची सुरुवात त्याच जुआंव द कास्त्रोनं १५४७च्या सुमारास केली. इतिहासकार गास्पार कोरेया यानं रेखाटनं केली आणि रंगवली ती एका स्थानिक चिताऱ्यानं. कोरेयानं आपल्या बखरीत त्याच्या हातातल्या कसबाची तारीफ केली आहे, पण नाव दिलेलं नाही. म्हणजे ज्या काळात राजा स्थानिक चिताऱ्यांना आवरा म्हणत होता, त्याच काळात त्याचा गव्हर्नर स्वतःच्या पूर्वसुरींची चित्रं तसल्याच चिताऱ्याकडून करून घेत होता.

माझं मन मात्र खालच्या मजल्यावर अडकलं. तिथे पोर्तुगीजांच्या आधीचा गोवा ठेवला आहे. विष्णूची मूर्ती, सतीच्या शिळा, आणि वीरगळ. वीरगळ महाराष्ट्रातल्या माणसाला नवे नाहीत. गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात ते शेंदूर फासून पडलेले असतात आणि आपण त्यांच्याकडे न बघता पुढे जातो. संग्रहालयात ते उभे केलेले, उजेडात आहेत, त्यामुळे वाचता येतात. आणि वाचायचे खालून वर. सगळ्यांत खालच्या पट्टीत लढाई: घोडे, ढाली, पडलेला वीर. मधल्या पट्टीत दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला हाताला धरून वर नेताहेत. वरच्या पट्टीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसला आहे, शेजारी पुजारी. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती. बोरिवलीजवळ एक्सरला जे वीरगळ आहेत त्यांच्यावर तर समुद्रातली लढाई कोरली आहे, वल्ह्यांच्या ओळींसकट जहाजं.

मी भाचीला तिथून परत चर्चमध्ये नेलं. मधे फक्त एक भिंत. आता ती स्वतःच बोलायला लागली. "मावशी, हेही खालूनच वर आहे. खाली जमीन, मधे माणसं, वर देव." मजले, पट्ट्या, मेलेल्या माणसाचं वर जाणं, वाचता न येणाऱ्यांना कळेल अशी गोष्ट. युरोपातल्या सुताराला वीरगळ ठाऊक नव्हता आणि इथल्या पाथरवटाला सेव्हिल ठाऊक नव्हतं. पण ज्याच्या बापजाद्यांनी वीरगळ पाहिले होते त्या गोव्याच्या कारागिराला जेव्हा असा आल्तार करायला सांगितला, तेव्हा मजल्यांची भाषा त्याला शिकवावी लागली नसणार. ही माझी अटकळ आहे, पण मी तिच्यावर ठाम आहे.

आता दुसरी गोष्टही बोलली पाहिजे, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. ज्या वर्षांत चर्च उभी राहात होती त्याच वर्षांत तिसवाडी बेटावरची देवळं पाडली गेली, १५४०च्या आसपास. १५६७ साली साष्टीतली गेली. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा रातोरात नदी ओलांडून फोंड्याकडे नेली गेली, कारण तिथे पोर्तुगीजांचा अंमल नव्हता. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० साली आलं ते १८१२ पर्यंत टिकलं. आल्तारावरचं सोनं बघताना हे विसरता येत नाही आणि विसरूही नये. पण म्हणून त्या सोन्याकडे पाठ फिरवावी हेही मला मान्य नाही. ज्याचं देऊळ पाडलं आणि ज्यानं आल्तार कोरला तो पुष्कळदा एकाच गावचा माणूस होता. त्याच्याकडे पाठ फिरवली की त्याच्या नशिबी दुसऱ्यांदा विस्मरण येतं.

याच काळातून एक मराठी ग्रंथही उरला आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, १६१९ साली इथेच वारला. त्याचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत त्यानं आदम-एव्हेपासून येशूपर्यंतची कथा सांगितली, कारण इथल्या नवख्रिस्ती माणसाला पुराण ऐकायची सवय होती. आल्तारावरच्या प्रसंगांना जी वाणी हवी होती ती त्यानं मराठीतून दिली. रायतूरच्याच सेमिनरीत १९९४ साली ख्रिस्ती कलेचं एक संग्रहालय सुरू झालं. ते २००२ साली जुन्या गोव्यात सांता मोनिका मठाच्या चर्चमध्ये आलं आणि दुरुस्तीनंतर २०२२ साली पुन्हा उघडलं. टेकडी चढून आम्ही तिथे गेलो. हस्तिदंताचा बालयेशू, चांदीचा पेलिकन पक्षी, छाती फोडून पिलांना रक्त पाजणारा, आणि एक छोटी पेटी, जिच्यात पाद्र्याची फिरती वेदी बसते. मेणबत्त्या, पात्रं, सगळं आत. पालखीतून, होडीतून, डोक्यावरून ती गावोगाव गेली असेल. पिंगुळीच्या चित्रकथींच्या पोथ्या अशाच झोळीतून फिरत, असं भाची म्हणाली, आणि मला तिचं कौतुक वाटलं.

दुपारी से कॅथेड्रल. १५१० साली नोव्हेंबरच्या २५ तारखेला, संत कॅथरिनच्या दिवशी, पोर्तुगीजांच्या आल्बुकर्कनं गोवा जिंकला, म्हणून हे चर्च तिच्या नावाचं. काम १५६२ साली सुरू झालं, १६१९ साली इमारत झाली, आणि वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ साल उजाडलं. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला, तो पुन्हा बांधला नाही. इथल्या सोनेरी आल्तारावर कॅथरिनची कथा आहे. अलेक्झांड्रियाची ही राजकन्या, सम्राटानं पन्नास पंडित तिच्याशी वादाला बसवले, तिनं सगळ्यांना हरवलं. मग तिच्यासाठी खिळे ठोकलेलं चाक आणलं, ते मोडून पडलं, शेवटी तलवारीनं शिरच्छेद. ही बाई इतिहासात होती की नाही याची चर्चनंच शंका घेतली आणि १९६९ साली तिचा सण यादीतून काढला. २००२ साली पुन्हा घातला. पण वाद जिंकणारी बाई गावोगावच्या वेद्यांवर शतकानुशतकं उभी आहे, आणि गोव्यात तर सगळ्यांत मोठ्या वेदीवर, हे मला फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही फोंड्याला गेलो, कवळ्याच्या शांतादुर्गेला. केळशीहून आलेल्या देवीचं आजचं देऊळ १७३८ सालचं, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या खटपटीनं बांधलेलं. भाची सभामंडपात उभी राहून बराच वेळ खिडक्यांच्या कमानी मोजत होती. कमानी चर्चच्या, घुमट चर्चचा, वर झुंबरं. आणि गाभाऱ्यात देवी. "मावशी, हे त्यांच्याकडून घेतलंय," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, घेतलं म्हणू नकोस. ज्या हातांनी तिकडे आल्तार केला तेच हात, त्यांची नातवंडं, इकडे देऊळ बांधायला आली. मग तिनं देवीला नमस्कार केला आणि वही पुन्हा उघडली.